मुक्या जनावरांचा वकील : हेन्री बर्ग

न्यूयॉर्क म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आकाशाला भिडलेल्या इमारती उभ्या राहतात आणि त्यांच्या पायथ्याशी धावणाऱ्या मोटारी दिसू लागतात. परंतु दीडशे वर्षांपूर्वीचे न्यूयॉर्क हे घोड्यांचे शहर होते. लाखाहून अधिक घोडे त्या एका शहरात राबत होते. दूध, कोळसा, बर्फ, लाकूड, माणसे, मढी, सारे काही घोडाच वाहून नेई. एकट्या १८८० साली त्या शहराच्या रस्त्यांवरून सुमारे १५,००० मेलेले घोडे उचलले गेले असे सांगतात. हा आकडा मी प्रथम वाचला तेव्हा छापण्यात एखादे शून्य जास्त पडले असावे असे मला वाटले. पण हिशेब केला तर दिवसाला चाळीस होतात, आणि त्या काळच्या गाडीच्या घोड्याचे आयुष्य पाहता त्यात अशक्य असे काहीच नाही.

या घोड्यांसाठी भर रस्त्यात हात वर करून उभा राहणारा एक उंच, किडकिडीत, लांब मिशांचा आणि उंच टोपीचा गृहस्थ त्या शहरात होऊन गेला. त्याचे नाव हेन्री बर्ग. अमेरिकेत त्याचे नाव शाळकरी मुलांच्या पुस्तकांतूनही येते. आपल्याकडे मात्र ते फारसे कोणाला ठाऊक नाही. म्हणून त्याची थोडी ओळख करून द्यावी असे मनात आले.

बर्गचा जन्म २९ ऑगस्ट १८१३ रोजी न्यूयॉर्कमध्येच झाला. बाप ख्रिश्चन बर्ग हा नामांकित जहाजबांधणीदार. घरी पैशाला तोटा नव्हता. मुलगा कोलंबिया कॉलेजात गेला, पण पदवी न घेताच बाहेर पडला. (आमच्या वर्गातील काही मित्रांनी येथे फार आनंद मानू नये; त्यांच्या वडिलांचा जहाजांचा कारखाना नाही.) १८३९ साली त्याचे लग्न झाले आणि १८४३ साली वडील वारले. कारखाना विकून टाकला, आणि बर्ग पत्नीसह युरोपात हिंडू लागला. या भटकंतीत त्याने नाटके लिहिली, कविता लिहिल्या. त्या कोणाला आवडल्या नाहीत. पन्नाशीला टेकेपर्यंत या माणसाच्या हातून नाव घेण्याजोगे काहीही घडलेले नव्हते. चरित्रलेखक ही वर्षे चार ओळींत उरकतात, मीही तेच करतो. तरी एक गोष्ट नोंदवायला हवी. स्पेनमध्ये त्याने बैलांच्या झुंजी पाहिल्या होत्या आणि त्या पाहून त्याला शिसारी आली होती.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी त्याला रशियातील वकिलातीत सचिव म्हणून नेमले. सेंट पीटर्सबर्गच्या रस्त्यावर एक गाडीवान आपल्या घोड्याला बेदम मारत असलेला त्याने पाहिला. बर्ग वकिलातीच्या गाडीत होता, अंगावर झगमगीत दरबारी पोशाख होता. त्याने त्या गाडीवानाला दटावले आणि तो गाडीवान चटकन थांबला. त्या पोशाखाचा असाही उपयोग होतो, हे बर्गच्या ध्यानात आले. मला स्वतःला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. गाडीवान भूतदयेने थांबला नव्हता, अधिकाराला भिऊन थांबला होता, आणि बर्गने तो धडा जन्मभर विसरला नाही. पुढे न्यूयॉर्कमध्ये तो व्याख्याने देत बसला नाही. त्याने आधी कायदा मिळवला आणि मग छातीवर बिल्ला लावून रस्त्यावर उतरला.

रशियातील हवा मानवेना म्हणून त्याने ती नोकरी सोडली. परतीच्या वाटेवर १८६५ साली तो लंडनला थांबला. तेथे प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारी संस्था १८२४ पासून काम करीत होती. तिचे अध्यक्ष लॉर्ड हॅरोबी यांना भेटून बर्गने त्या संस्थेची घडण समजावून घेतली. न्यूयॉर्कला परतल्यावर ८ फेब्रुवारी १८६६ च्या संध्याकाळी, वाईट हवा असताना, क्लिंटन हॉलमध्ये त्याने आपली योजना लोकांपुढे मांडली. शहरातील बड्या मंडळींच्या सह्या मिळविल्या. १० एप्रिलला संस्थेला सनद मिळाली आणि १९ एप्रिलला राज्याच्या विधिमंडळाने प्राण्यांना क्रूरपणे वागविण्याविरुद्ध कायदा केला. अशा प्रकारचा कायदा पूर्वीही होता, पण तो पुस्तकात पडून होता. त्याची अंमलबजावणी करणे हे कोणाचेच काम नव्हते. ते आता बर्गचे काम झाले. पुढच्याच वर्षी कायदा आणखी कडक झाला आणि संस्थेच्या माणसांना अटक करण्याचा अधिकार मिळाला. बर्ग वकील नव्हता, तरीही असे खटले सरकारच्या वतीने कोर्टात चालविण्याची त्याला परवानगी होती. पगार म्हणून त्याने संस्थेकडून एक पैही घेतली नाही.

पहिली शिक्षा झाली ती ब्रुकलिनच्या एका खाटकाला, १० डॉलर दंड. मग आले ते कासवांचे प्रकरण. फ्लोरिडाकडून एका जहाजात जिवंत कासवे आली होती. त्यांना उताणे पाडून, त्यांच्या वल्ह्यांसारख्या पायांना भोके पाडून, दोरीने ओवून ठेवले होते. बर्गने कप्तानासह खलाशांना पकडले. कोर्टात वाद रंगला तो कासव हा प्राणी आहे की नाही यावर! कप्तान सुटला. वर्तमानपत्रांना आठवडाभर खाद्य मिळाले, व्यंगचित्रे निघाली, बर्गला नाक खुपसणारा महापुरुष अशी पदवी मिळाली. बर्गचे मत असे की या हशामुळे जे काम झाले ते शंभर व्याख्यानांनी झाले नसते. आता घरोघरी त्याचे नाव पोहोचले होते.

पण त्याची खरी लढाई घोड्यांसाठी होती, आणि त्यातही ट्रामच्या घोड्यांसाठी.

त्या काळी विजेच्या ट्रामा नव्हत्या. रस्त्यात लोखंडी रूळ टाकलेले, त्यांवर लांबट डबा, आणि पुढे दोन घोडे. रुळांवर चाक हलके फिरते, म्हणून दोन घोड्यांना एवढे ओझे ओढता येई. गाडी एकदा चालू लागली की फारसे कष्ट नसत. खरा जीव जाई तो थांबलेली गाडी पुन्हा हलविताना. आणि ट्राम तर दर कोपऱ्याला थांबे. बसायच्या जागा वीस-बावीस. संध्याकाळी कारखाने व कचेऱ्या सुटल्या की आत, पायरीवर, मागच्या फळीवर मिळून दुप्पट-तिप्पट माणसे लोंबकळत. घोड्यांचे खूर दगडी फरशीवर घसरत, गळ्याखालचा साज मांसात रुते. हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून कंपन्या रुळांवर मीठ टाकीत. त्या खारट गारठ्या चिखलाने खूर सोलून निघत. ट्रामला जुंपलेला घोडा चार-पाच वर्षांत निकामी होई. मग तो कमी दरात एखाद्या गरीब गाडीवाल्याकडे जाई आणि तेथून कातडीच्या कारखान्यात. कंपन्यांच्या हिशेबात हे सारे बसलेले होते. जास्त घोडे आणि जास्त गाड्या ठेवण्यापेक्षा आहे त्याच घोड्यांना झिजवून टाकणे त्यांना परवडत होते.

बर्ग ऐन गर्दीच्या वेळी चौकात उभा राही. भरलेली ट्राम दिसली की हात वर करी, गाडी थांबवी, घोडे तपासी, आणि काही उतारू उतरल्याशिवाय गाडी पुढे जाऊ देत नसे. मागे दुसरी ट्राम येऊन थांबे, तिच्यामागे तिसरी. बघता बघता मैलभर रांग लागे. बर्फ पडत असे, लोक शिव्या देत, कोणी अंगावर धावून येत. तो जागचा हलत नसे. एखादा घोडा लंगडताना दिसला तर तो तिथल्या तिथे सोडवून तबेल्यात परत पाठवी.

आता येथे जरा थांबायला हवे. त्या ट्रामेत कोण बसलेले असत? दहा-बारा तास राबून घरी निघालेले कामगार, शिवणकाम करणाऱ्या बायका, कारकून. त्यांना बर्फात उतरून दोन मैल चाला म्हणणारा माणूस कोण, तर वडिलोपार्जित पैशावर जगणारा, स्वतःची इस्टेट असलेला एक श्रीमंत गृहस्थ. त्यांना राग आला तर त्यांचे काय चुकले? आणि पकडला जाई तोही कंपनीचा मालक नव्हे, गाडी हाकणारा आणि तिकिटे फाडणारा. त्या बिचाऱ्यांनी उतारू नाकारले तर नोकरी जाणार, घेतले तर बर्ग पकडणार.

हा प्रश्न मला केवळ पुस्तकातला वाटत नाही. माझे आजोबा टांगा चालवीत. स्टेशनपासून गावात, गावातून बाजारात, अशा फेऱ्या त्यांनी वीस-बावीस वर्षे केल्या. पहाटे उठून ते आधी घोड्याला खरारा करीत, चंदीचा तोबरा त्याच्या तोंडाला बांधीत, आणि मग स्वतः चहा घेत. घरात ज्वारी संपली असे दिवस आले, पण घोड्याची चंदी चुकली नाही, असे आजी सांगे. हेच आजोबा बाजाराच्या दिवशी चारांच्या जागी सात माणसे आणि वर दोन पोती घेत. चढावर स्वतः खाली उतरून चाकाला हात लावीत, पण माणसे उतरवीत नसत, कारण उतरवलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या टांग्यात बसतो. त्यांना क्रूर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तो चढ घोड्याला सोपा होता असे म्हणायलाही रेटत नाही. पुढे रिक्षा आल्या, घोडा विकला. तो कोठे गेला हे आजोबांनी कधी सांगितले नाही आणि आम्ही विचारलेही नाही.

तेव्हा बर्ग बरोबर होता की उतारू? मला विचाराल तर बर्ग बरोबर होता. पण त्याने ज्यांना धरले त्यांच्यापेक्षा मोठे अपराधी त्याच्या हाती कमी लागले. ट्राम कंपन्यांशी तो वर्षानुवर्षे भांडला. गाड्या वाढवाव्यात, चढावर जादा घोडा जोडावा, मीठ टाकू नये, अशा मागण्या तो करीत राहिला. काही मान्य झाल्या, पुष्कळशा झाल्या नाहीत. कायद्याने चाबूक धरलेला हात दिसतो. चाबूक हाती देणारा हिशेब कोर्टापुढे आणणे तेव्हाही कठीण होते.

त्याच्या बाजूने एकदा निसर्गानेच साक्ष दिली. १८७२ च्या शरद ऋतूत कॅनडात टोरँटोच्या आसपास घोड्यांमध्ये खोकला-तापाची साथ सुरू झाली. ऑक्टोबर सरता सरता ती न्यूयॉर्कला पोहोचली. घोडे फार मेले नाहीत, पण हजारोंनी आजारी पडले, उभे राहवेना. ट्रामा बंद, मालाच्या गाड्या बंद. गोदीत माल पडून राहिला, दूध-कोळसा महागला. लोकांनी गाड्यांना बैल जुंपले, कोठे माणसे जुंपली गेली. बोस्टनमध्ये ९ नोव्हेंबरला मोठी आग लागली तेव्हा आगीचे बंब माणसांना ओढीत न्यावे लागले. शेकडो इमारती जळाल्या. न्यूयॉर्कच्या काही कंपन्या आजारी घोडे तशाच अवस्थेत बाहेर काढू लागल्या, तेव्हा बर्ग पुन्हा चौकात उभा राहिला आणि नाकातून पाणी गळणारे घोडे परत फिरवू लागला. ज्या जनावराकडे कोणी मान वळवून पाहत नव्हते ते चार दिवस आडवे पडल्याबरोबर सारे शहर आडवे पडते, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले.

केवळ अडवणूक करून तो थांबला नाही, हेही सांगितले पाहिजे. १८६७ साली त्याच्या संस्थेने जखमी घोड्यांसाठी रुग्णवाहिका तयार केली. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयाची माणसांसाठीची रुग्णवाहिका त्यानंतर दोन वर्षांनी आली. खड्ड्यात किंवा नदीत पडलेला घोडा उचलून काढण्यासाठी जाड कापडाची झोळी वापरात आणली. घोड्यांसाठी रस्त्यात पाण्याचे हौद बांधले. या सगळ्याला पैसा लागे. तो एकदा अगदी अनपेक्षितपणे मिळाला. लुई बोनार्ड नावाचा एक फ्रेंच म्हातारा शहरात एका खोलीत अत्यंत कंजूषपणे राहत असे. १८७१ साली तो वारला तेव्हा त्याने आपली सुमारे दीड लाख डॉलरची सारी मालमत्ता बर्गच्या संस्थेला ठेवल्याचे आढळले. मृत्युपत्राला हरकत घेण्यात आली. म्हणणे असे की माणसाचा आत्मा मरणानंतर जनावरात जातो असे हा म्हातारा मानीत असे, म्हणजे तो वेडाच असला पाहिजे! कोर्टाने हे म्हणणे मान्य केले नाही आणि पैसा संस्थेला मिळाला. तो मुद्दा मान्य होता तर आपल्या देशातील किती मृत्युपत्रे टिकली असती, याचा विचार कायद्याकडे जाणाऱ्या मित्रांनी करावा.

सर्कसवाल्या बार्नमशी त्याचे भांडण प्रसिद्ध आहे. बार्नमच्या संग्रहालयात सापांना जिवंत ससे घालीत, त्यावरून पहिली चकमक झाली. १८८० साली बार्नमने जळत्या कड्यांतून उडी मारणारा घोडा आणला. बर्गने हरकत घेतली. बार्नमने भर खेळात स्वतः त्या कड्यांतून चालून दाखविले. जाळ दिसायला भयंकर, पण इजा करणारा नव्हता. बर्गची फजिती झाली. गंमत अशी की हाच बार्नम पुढे त्याचा चाहता झाला.

१८७४ साली त्याच्याकडे वेगळीच तक्रार आली. एटा व्हीलर नावाची एक समाजसेविका गरीब वस्त्यांतून हिंडत असे. मेरी एलन नावाच्या दहा वर्षांच्या मुलीला सांभाळणारी बाई तिला रोज मारते, कोंडून ठेवते, हे तिला कळले. पोलीस, धर्मादाय संस्था, सगळ्यांकडे जाऊन ती थकली आणि शेवटी बर्गकडे आली. मूल हाही एक प्राणीच, म्हणून प्राण्यांच्या कायद्याने तिला सोडविले, अशी कथा सर्वत्र सांगतात. ती खरी नाही. बर्गने हे काम संस्थेचा अध्यक्ष म्हणून नव्हे, एक नागरिक म्हणून हाती घेतले, आणि संस्थेचे वकील एलब्रिज गेरी यांनी माणसांच्याच कायद्यातून वाट काढली. घोंगडीत गुंडाळलेली ती पोर कोर्टात आणली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर कात्रीची जखम होती. त्या बाईला एक वर्षाची शिक्षा झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस मुलांच्या रक्षणासाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली. मुलांआधी घोड्यांसाठी कायदा झाला, याची लाज खरे म्हणजे बर्गला नव्हे, इतरांना वाटायला हवी होती.

तो संत मात्र नव्हता. गुन्हेगारांना फटके मारावेत असे हा दयाळू माणूस जाहीरपणे सांगे. देवी टोचण्याला त्याचा विरोध होता, आणि त्यात तो साफ चुकला होता. प्राण्यांवरील वैद्यकीय प्रयोग पूर्णपणे बंद व्हावेत म्हणून त्याने विधिमंडळाकडे खटपट केली, ती फसली. त्याला कुत्र्या-मांजरांचा लळा होता असेही दिसत नाही. मला तर हेच विशेष वाटते. तो प्रेमाने नव्हे, न्यायबुद्धीने लढला.

योगायोग पाहा. मेरी एलनचा खटला न्यूयॉर्कात गाजत होता त्याच महिन्यांत, ९ मे १८७४ रोजी, आपल्या मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. ती चालविणारी स्टर्न्स आणि किट्रेज ही कंपनीही अमेरिकनच. तिच्या पागेत सुमारे ९०० घोडे होते. कुलाब्याहून पायधुणीपर्यंत ते धावत. १९०७ साली विजेची ट्राम आली आणि त्यांची सुटका झाली. मुंबईच्या व्हिक्टोरिया मात्र राहिल्या. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने हौसेच्या फेऱ्यांसाठी घोडागाड्या चालविणे बेकायदा ठरविले, एका वर्षात त्या बंद करण्यास सांगितले आणि त्यांवर पोट असलेल्या कुटुंबांच्या पुनर्वसनाची योजना सरकारकडे मागितली. २०२१ साली विजेवर चालणाऱ्या, घोड्याविना व्हिक्टोरिया आल्या.

बर्गची पत्नी १८८७ साली वारली. पुढच्याच वर्षी, १२ मार्च १८८८ च्या पहाटे, बर्गही गेला. त्याच दिवशी न्यूयॉर्कवर हिमवादळ कोसळले होते. असे वादळ त्या शहराने पूर्वी पाहिले नव्हते. रस्त्यांत पुरुषभर बर्फ साचले, ट्रामा जागच्या जागी रुतल्या, घोडे सोडून घेऊन गाड्या तशाच टाकून द्याव्या लागल्या. ज्यांना तो आयुष्यभर हात वर करून थांबवीत आला त्या साऱ्या गाड्या त्या दिवशी उभ्या होत्या. त्याच्या मृत्यूच्या वेळी अमेरिकेच्या ३८ राज्यांपैकी ३७ राज्यांत प्राण्यांच्या छळाविरुद्ध कायदे झालेले होते.

न्यूयॉर्कची शेवटची घोड्यांची ट्राम १९१७ साली बंद झाली. पण सेंट्रल पार्कजवळ प्रवाशांना हिंडविणाऱ्या घोडागाड्या मागे राहिल्या आणि बर्गचा वादही मागे राहिला. त्या बंद करण्याचे आश्वासन देऊन निवडून आलेल्या महापौर डी ब्लासिओ यांची योजना २०१६ साली गाडीवानांच्या कामगार संघटनेने माघार घेतल्याने कोसळली. ऑगस्ट २०२२ मध्ये मॅनहॅटनच्या नवव्या अॅव्हेन्यूवर रायडर नावाचा एक घोडा भर रहदारीत खाली बसला. लोकांनी चित्रफिती काढल्या, पोलिसांनी त्याच्या अंगावर पाणी ओतले, तासाभराने तो उठला. पुढे काही महिन्यांत तो मेला. गाडीवानावर प्राण्याशी क्रौर्य केल्याचा खटला भरण्यात आला. २०२५ च्या जुलैत ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवून सोडले.